नव्या चिप-कुळासाठी यू-बूट: सिरियलवरच्या पहिल्या अक्षरापासून मुख्य शाखेपर्यंत

यू-बूट हा बूटलोडर, म्हणजे वीज आल्यावर लिनक्सला उठवणारा प्रोग्राम. तो नव्या चिपवर आणायची खालची पद्धत ऑलविनर कंपनीच्या ६४-बिट चिपांवर बेतलेली आहे. उदाहरणाला एच६१६ घेतली आहे: कॉर्टेक्स-ए५३ चे चार कोअर, ऑरेंज पाय झीरो २ सारखा स्वस्त बोर्ड, आणि यू-बूट, ट्रस्टेड फर्मवेअर-ए (आर्म चिपांवर सर्वोच्च अधिकाराने चालणारा कोड) व लिनक्स या तिन्ही प्रकल्पांच्या मुख्य शाखेत, म्हणजे अधिकृत सोर्समध्ये, आधीच आलेला आधार. शिकताना याचा मोठा फायदा होतो, कारण केलेलं काम ताडून पाहायला उत्तरपत्रिका हाताशी असते. तुमची चिप याच कंपनीची पुढची असेल किंवा अगदी वेगळ्या घराण्यातली, पत्ते बदलतील, पण कामाचा क्रम हाच राहील. खालचे सगळे पत्ते आणि रजिस्टरांत लिहायचे आकडे हेक्समध्ये (सोळा अंकांच्या मोजणीत) आहेत आणि हेक्सचे ए ते एफ हे अंक देवनागरीत लिहिले आहेत.

क्रमावर एवढा भर देण्याला कारण आहे. बूटलोडरमध्ये चूक झाली की स्क्रीनवर काहीच येत नाही. ना त्रुटीचा संदेश, ना लॉग. म्हणून प्रत्येक पायरीवर डोळ्यांना दिसेल असा पुरावा मिळाल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. डीरॅमचा (मुख्य मेमरीचा) कोड, क्लॉकचा (चिपचा ताल ठरवणाऱ्या घड्याळाचा) कोड आणि एसडी कार्डाचा ड्रायव्हर एकदम लिहून बोर्ड सुरू केला आणि तो गप्प राहिला, तर घोडं कुठे पेंड खातंय ते शोधण्यात आठवडे जातात.

हाताशी काय हवं

सिरियल पिना बाहेर काढलेला बोर्ड, ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर, एक मायक्रो एसडी कार्ड, बोर्डाच्या ओटीजी पोर्टला जाणारी यूएसबी केबल आणि मल्टीमीटर. सीएच३४० वाल्या स्वस्त कन्व्हर्टरवर ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये निवड करायचा जंपर असतो. तो ३.३ वर आहे याची मीटर लावून खात्री करा. ५ व्होल्टने चिपची पिन जळू शकते. तीनच तारा जोडा: ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनेला) आरएक्स (घेणारी), आरएक्सला टीएक्स. व्हीसीसीची तार मोकळी ठेवा.

इथेच एक छुपा घोळ असतो. बोर्डाचा वीजपुरवठा काढला तरी कन्व्हर्टरची टीएक्स तार ३.३ व्होल्टवरच राहते, आणि चिपच्या पिनमधल्या संरक्षक डायोडमधून थोडी वीज आत झिरपते. चिप अर्धवट जिवंत राहते, रजिस्टरं (चिपचे भाग चालवणारे आतले छोटे कप्पे) नीट कोरी होत नाहीत, आणि पुढचा बूट मागच्या बूटच्या अवशेषांवर चालतो. डीरॅमच्या चाचण्या करताना 'एकदा चालतं, एकदा नाही' असा प्रकार दिसला, तर कोडला दोष देण्याआधी कन्व्हर्टरही काढा, दहा सेकंद थांबा आणि मग पुन्हा बघा.

संगणकावर एआर्च६४ चा क्रॉस-कंपायलर, बायसन, फ्लेक्स, स्विग, पायथनच्या डेव्हलपमेंट फाइली, डिव्हाइस ट्रीचा (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनाचा) कंपायलर आणि सनएक्सआय-टूल्स (ऑलविनर चिपांशी बोलणारी साधनं) बसवा. डेबियन-उबुंटूवर ही सगळी पॅकेजं तयार मिळतात. सनएक्सआय-टूल्स मात्र गिटवरून घेऊन स्वतः कंपाइल केलेलं बरं, कारण नव्या चिपसाठी त्यातच पहिला बदल करावा लागणार आहे.

चिप स्वतःहून कशी उठते

वीज आली की चिपमधला बूटरॉम चालू होतो. तो बदलता येत नाही, म्हणून त्याचे नियम आधी समजून घ्यायचे. ऑलविनरचा बूटरॉम एसडी कार्डावर ८ केबीवर, म्हणजे सेक्टर १६ वर, एक हेडर शोधतो. हेडरच्या पहिल्या चार बाइटमध्ये उडी मारणारी एक आज्ञा असते, पुढच्या आठ बाइटमध्ये 'ईगॉन.बीटी०' ही खूण, मग चेकसम आणि मग लांबी. चेकसम म्हणजे सगळ्या ३२-बिट शब्दांची बेरीज. ती करताना चेकसमच्या जागी ५एफ०ए६सी३९ हा आकडा धरायचा. खूण आणि चेकसम जुळले तर बूटरॉम ती फाइल चिपमधल्या एसरॅम या छोट्या मेमरीत उतरवतो आणि तिच्यात उडी मारतो. जुळले नाहीत तर पुढचं माध्यम बघतो, आणि काहीच सापडलं नाही तर यूएसबीवरच्या एफईएल मोडमध्ये (संगणकाच्या आज्ञा ऐकायच्या अवस्थेत) जाऊन थांबतो.

८ केबी ही जागा जीपीटी विभाजन तक्त्याच्या मधोमध येते. तिथे बूटलोडर लिहिला की तक्ता खराब होतो. २०१४ अखेरच्या एच३ पासूनच्या चिपा १२८ केबीवरही हेडर शोधतात. ती जागा जीपीटीच्या पलीकडे असल्याने सुरक्षित आहे. नव्या कुळासाठी दोन्ही जागा प्रत्यक्ष तपासा. बूटरॉम कुठून उठला ते हेडरमधल्या २८ या हेक्स ऑफसेटवरच्या बाइटमध्ये लिहून ठेवतो: ० म्हणजे एसडी, २ म्हणजे ईएमएमसी, ३ म्हणजे एसपीआय फ्लॅश, तर १२८ केबीवरून उठल्यास हेक्स १० किंवा १२. नव्या चिपमध्ये इथे अनोळखी आकडा आला की एसपीएलला (यू-बूटच्या पहिल्या तुकड्याला) बूटचं माध्यम ओळखता येत नाही आणि तो तिथेच थांबतो. तेव्हा आकडा छापून बघा आणि तक्त्यात भरा.

पूर्ण साखळी अशी: बूटरॉम एसपीएलला उठवतो. एसपीएल म्हणजे यू-बूटचाच छोटा पहिला तुकडा, एसरॅममध्ये मावणारा. तो क्लॉक आणि डीरॅम सुरू करतो आणि डीरॅममध्ये तीन गोष्टी उतरवतो: ट्रस्टेड फर्मवेअरचा बीएल३१, मूळ यू-बूट आणि डिव्हाइस ट्री. मग बीएल३१ सर्वोच्च अधिकाराच्या ईएल३ पातळीवर ठाण मांडतो आणि ईएल२ पातळीवर यू-बूटला सुरू करतो. लिनक्स त्यानंतर.

पहिली पायरी: एफईएलमधून चिपशी बोलणं

बोर्डात कार्ड नसताना ओटीजी पोर्ट संगणकाला जोडा. यूएसबी यादीत १एफ३ए:ईएफई८ हा क्रमांक दिसला की चिप एफईएलमध्ये आहे. सनएक्सआय-एफईएलची व्हर्जन आज्ञा चालवली की चिपचा ओळखक्रमांक मिळतो: ए६४ चा १६८९, एच५ चा १७१८, एच६ चा १७२८, एच६१६ चा १८२३. नव्या चिपचा क्रमांक साधनाला ओळखता येणार नाही. त्याच्या चिप-तक्त्यात एक नोंद घाला: ओळखक्रमांक, एसपीएलचा पत्ता, छोटे कोड चालवायची मोकळी जागा, आणि बूटरॉम स्वतः वापरतो ते एसरॅमचे भाग, म्हणजे एसपीएल चढवताना ते बाजूला हलवता येतील. हा शेवटचा तपशील चुकला तर एसपीएल चढवता चढवता यूएसबी जोडणीच तुटते, कारण तुम्ही बूटरॉमच्या स्टॅकवरच लिहिलेलं असतं.

वाचायची परवानगी मिळाली की पहिल्यांदा बूटरॉमचीच प्रत काढा. एच६ आणि एच६१६ वर तो शून्य पत्त्यावर आहे. तिथून ६४ केबी फाइलमध्ये घ्या आणि डिसअसेंबलरमध्ये उघडा. खूण कुठे तपासतात, स्टॅक कुठे आहे, कोणत्या माध्यमाला कोणता आकडा, ही सगळी उत्तरं तिथे असतात. डेटाशीटपेक्षा या प्रतीवर जास्त विश्वास ठेवा.

दुसरी पायरी: एक अक्षर

अजून एकही ओळ कंपाइल केलेली नाही, तरी सिरियलवर अक्षर उमटवता येतं. एफईएलच्या रीडएल आणि राइटएल आज्ञांनी थेट रजिस्टरात लिहायचं. एच६१६ वर यूएआरटी० चा (सिरियलच्या घटकाचा) पत्ता ०५०००००० आहे आणि त्याच्या पिना पीएच० व पीएच१.

पिनांपासून सुरुवात करा. पिन-नियंत्रकाचा पत्ता ०३००बी०००, प्रत्येक गटाला हेक्स २४ एवढी जागा, आणि ए ला शून्य धरून मोजलं तर एच हा सातवा गट, म्हणजे ०३००बी०एफसी. ते रजिस्टर वाचलं तर सहसा ७७७७७७७७ येतं. ७ म्हणजे पिन बंद. शेवटच्या दोन अंकांत २ भरून ७७७७७७२२ लिहा. आता क्लॉक: ०३००१९०सी मध्ये ०००१०००१ लिहा. खालच्या बिटने क्लॉक सुरू होतो आणि १६ व्या बिटने रीसेट सुटतो. दोन्ही हवेत. क्लॉक दिला पण रीसेट सोडला नाही, तर यूएआरटीची रजिस्टरं शून्यच वाचली जातात आणि लिहिलेलं काही टिकत नाही. असं दिसलं की हेच कारण धरून चाला.

मग बॉड दर, म्हणजे सिरियलचा वेग. यूएआरटीला २४ मेगाहर्ट्झ मिळतात. २४०००००० ला १६ ने आणि ११५२०० ने भागलं की १३.०२ येतात, म्हणून भाजक १३. ०५०००००सी मध्ये ८३, ०५०००००० मध्ये ०डी, ०५०००००४ मध्ये ०, पुन्हा ०५०००००सी मध्ये ०३, आणि ०५०००००८ मध्ये ०१ लिहा. शेवटी ०५०००००० मध्ये ४१ लिहा. टर्मिनल ११५२०० वर उघडं असेल तर कॅपिटल ए उमटतो.

कचरा अक्षरं आली तर पिन आणि रीसेट बरोबर आहेत, भाजक किंवा मूळ क्लॉक चुकला आहे. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करून बघा, मग पिनचा फंक्शन-क्रमांक तपासा. ए६४ वर हेच काम पीबी८ आणि पीबी९ या पिना ४ क्रमांकाच्या फंक्शनने करतात, तेव्हा जुन्या चिपचा आकडा डोळे मिटून उचलू नका. आणखी मोठा सापळा म्हणजे गटांमधलं अंतर. डी१ पासूनच्या पिढीत ते हेक्स २४ ऐवजी ३० झालं. जुनं सूत्र वापरलं तर पहिला गट बरोबर चालतो आणि पुढचे सगळे चुकतात, त्यामुळे चूक चटकन लक्षात येत नाही.

तिसरी पायरी: एसपीएल, आणि ३२ वरून ६४ बिट

आता यू-बूटच्या सोर्समध्ये शिरा. आर्मच्या फोल्डरात मॅक-सनएक्सआय हा विभाग आहे. तिथल्या केकॉन्फिगमध्ये (बिल्डच्या पर्यायांच्या फाइलीत) नव्या चिपचं एक नाव घाला. मग एकेक घटक घेऊन विचारा की तो कुणासारखा आहे. क्लॉकची मांडणी एच६ सारखी? पिना डी१ सारख्या? डीरॅम नियंत्रक नवाच? चिप-कंपन्या प्रत्येक वेळी सगळं नव्याने घडवत नाहीत, जुने विटा-दगड नव्या भिंतीत लावतात. जे जुळतं ते आहे त्याच कोडला जोडा. संपूर्ण फाइलची नक्कल करून चार आकडे बदलणं सोपं वाटतं, पण पॅच (पाठवलेला बदल) तपासणारा ती पहिल्याच फेरीत परत पाठवतो, आणि त्याचं बरोबर असतं: पुढे एका प्रतीत दुरुस्ती होते, दुसरीत राहून जाते.

एच६१६ साठी एसपीएल २०००० वर उतरतो. पहिले हेक्स ६० बाइट हेडरचे, म्हणून कोड २००६० पासून लिंक होतो. स्टॅक ५८००० पासून खाली वाढतो. एसपीएलची कमाल मर्यादा एच६१६ ला ४८ केबी आहे, तर जुन्या बहुतेक चिपांना ३२. ही मर्यादा केकॉन्फिगमध्ये लिहा, म्हणजे ती ओलांडली तर बिल्डच थांबेल. नाहीतर कोड स्टॅकला भिडतो आणि एसपीएल मधूनच गायब होतो.

ऑलविनरच्या या चिपांमध्ये कोअर ६४-बिट असले तरी बूटरॉम ३२-बिट आहे. एसपीएल सुरू होतो तेव्हा कोअर ३२-बिट अवस्थेत असतो, आणि यू-बूट तर ६४-बिट बांधलेला. पूल असा: एसपीएलच्या सुरुवातीला ३२-बिट आज्ञांचा छोटा तुकडा असतो. तो आरव्हीबार नावाच्या रजिस्टरात एसपीएलचा पत्ता लिहितो, मग आरएमआर रजिस्टरातून वॉर्म रीसेट मागतो. कोअर ६४-बिट अवस्थेत जागा होतो आणि आरव्हीबारमधल्या पत्त्यावर, म्हणजे पुन्हा त्याच जागी, येतो.

त्याच जागी दोनदा यायचं आणि दोन्ही वेळा वेगळं वागायचं, हे चार बाइटमध्ये साधलं आहे. यू-बूटमधली ती पहिली आज्ञा ६४-बिट अवस्थेत 'एक्स० ची एक्स० शी चाचणी' अशी निरुपद्रवी वाचली जाते. तेच चार बाइट ३२-बिट अवस्थेत 'हेक्स ८४ पुढे उडी मार' असे वाचले जातात. म्हणून ३२-बिट कोअर उडी मारून बदलाच्या तुकड्यात जातो आणि ६४-बिट कोअर सरळ पुढे चालतो. या भागात ओळी घालताना आधीच्या जागांची लांबी बदलू देऊ नका. एक शब्द सरकला की उडी चुकीच्या जागी पडते.

आरव्हीबारचा पत्ता प्रत्येक कुळात वेगळा. ए६४ वर तो ०१७०००ए० आहे, एच६ वर ०९०१००४०. एच६१६ वर तर दोन आहेत. या चिपच्या निदान दोन घडणी बाजारात आहेत. एकीत ०९०१००४०, दुसरीत ०८१०००४०. ०३००००२४ वरच्या रजिस्टराचा सर्वांत खालचा बाइट शून्य नसेल तर दुसरा पत्ता वापरायचा. बाहेरून दोन्ही चिपांवर एच६१६ असंच छापलेलं असतं. तुमच्या टेबलावरच्या बोर्डावर सगळं सुरळीत चाललं आणि दुसऱ्याकडे तोच बिल्ड पहिल्या अक्षराआधी मेला, तर असं काहीतरी असू शकतं हे ध्यानात ठेवा. ट्रस्टेड फर्मवेअरलाही हाच फरक सांभाळावा लागतो, कारण बाकीचे कोअर जागे करताना तोही आरव्हीबार लिहितो.

एसपीएल पहिल्यांदा एफईएलमधून चढवा, कार्डावरून नको. कार्डाच्या मार्गात हेडर, चेकसम आणि एमएमसी ड्रायव्हर असे तीन संशयित वाढतात. एफईएलमधून चढवताना साधन खूण बदलून 'ईगॉन.एफईएल' करतं, ती पाहून एसपीएल आपलं काम झालं की बूटरॉमकडे परततो. परतायला मूळ स्टॅक, परतीचा पत्ता आणि काही नियंत्रण रजिस्टरं जपून ठेवावी लागतात. तो कोड यू-बूटमध्ये तयार आहे. परतल्यावर एफईएलची कोणतीही आज्ञा चालली, तर ३२ ते ६४ आणि पुन्हा ३२ असा पूर्ण फेरा नीट झाला.

चौथी पायरी: वीज आणि क्लॉक

इथे थोडंच लिहायचं आहे, पण क्रम पाळा. आधी व्होल्टेज वाढवा, मग वारंवारता. एच६१६ वर यू-बूट सीपीयूला १००८ मेगाहर्ट्झवर नेतो. पॉवर चिपशी बोलणं जमण्याआधी पीएलएल (वारंवारता ठरवणारं सर्किट) वाढवला तर एखादा बोर्ड चालतो, दुसरा उन्हाळ्यात अडतो. ऑरेंज पाय झीरो २ वरची पॉवर चिप एएक्सपी३०५ आहे, आयटूसी या दोन-तारी जोडणीवरचा पत्ता ३६. डीरॅमचं व्होल्टेजही इथेच लावायचं: डीडीआर३ ला १.५, डीडीआर३एल ला १.३५, एलपीडीडीआर४ ला १.१. लिहिल्यावर बोर्डावरच्या कपॅसिटरला मीटर लावून आकडा पाहा. रजिस्टरात लिहिलं म्हणजे व्होल्टेज आलं असं नाही.

पाचवी पायरी: डीरॅम

खरा वेळ इथे जातो. डीरॅम नियंत्रकाची माहिती ऑलविनर सार्वजनिक पुस्तिकेत देत नाही. कंपनीच्या बूटलोडरमध्ये हा भाग बहुधा तयार बायनरी असतो. त्या बायनरीने कोणत्या पत्त्यावर काय आणि कोणत्या क्रमाने लिहिलं याची नोंद काढून, त्यातून कोड स्वतः नव्याने लिहायचा. यू-बूट जीपीएल २ किंवा पुढच्या परवान्याखाली आहे आणि प्रत्येक पॅचवर तुमची साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ असते. तिचा अर्थ हा कोड या परवान्याखाली द्यायचा हक्क तुम्हाला आहे. डिसअसेंबल केलेला कोड जसाच्या तसा सीमध्ये उतरवून त्यावर सही करू नका.

बोर्डागणिक बदलणारे आकडे वेगळे ठेवा. एच६१६ साठी ते डेफकॉन्फिगमध्ये (बोर्डाच्या सेटिंग-फाइलीत) येतात: डेटा आणि पत्त्यांच्या तारांची ड्राइव्ह ताकद, ओडीटी (तारेच्या टोकाला चिपमधला रोध), आणि टीपीआर नावाची काही मूल्यं. कंपनीच्या इमेजमध्ये ८ केबीवर जो बूट० असतो, त्याच्या हेडरमध्ये हेच आकडे सापडतात. हे आकडे तारांच्या लांबीवर आणि मेमरी चिपवर अवलंबून असतात, म्हणून शेजारच्या बोर्डाचे आकडे 'चालतात की' म्हणून उचलू नका.

काम तीन टप्प्यांत करा. आधी फक्त नियंत्रक आणि फिजिकल लेअर जागं होतं का ते पाहा. तयार असल्याचा बिट किती वेळात वर येतो ते छापा आणि प्रतीक्षेच्या लूपला कालमर्यादा घाला. मर्यादा नसलेला लूप म्हणजे पुन्हा गप्प बोर्ड. मग ट्रेनिंग, म्हणजे तारांवरच्या वेळा जुळवणं: वाचन, लेखन, आणि प्रत्येक बाइट-लेनचा (आठ डेटा-तारांच्या गटाचा) निकाल वेगळा छापा. चारपैकी एकच लेन नापास होत असेल तर बहुधा तिचा विलंब-आकडा चुकला आहे किंवा बोर्डावर लेनची अदलाबदल आहे. सगळ्या नापास होत असतील तर व्होल्टेज किंवा क्लॉककडे वळा.

शेवटी आकार ओळखणं. डीरॅम ४००००००० पासून सुरू होते. यू-बूट सुरुवातीला एक नमुना लिहितो आणि दूरच्या पत्त्यांवर तोच नमुना परत दिसतो का ते बघतो. दिसला तर तिथून मेमरी पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते आहे. ट्रेनिंग काठावर असेल तर ही ओळख कधी निम्मी, कधी दुप्पट येते. एसपीएल 'डीरॅम: १०२४' छापतो तो आकडा वीस वेळा थंड सुरुवात करून पडताळा, फक्त रीसेट दाबून नाही.

डळमळीत वाटलं तर वारंवारता खाली आणा. ती २४ च्या पटीत द्यावी लागते, तेव्हा ६७२ वरून ६२४, मग ५७६. खाली आणल्यावर दोष गेला तर वेळेचे आकडे चुकले आहेत. खाली आणूनही राहिला तर तर्कातच चूक आहे. मेमरी चाचणीची आज्ञा यू-बूटमध्ये मुळात बंद असते, ती केकॉन्फिगमध्ये सुरू करा. चाचणीची कक्षा मात्र नीट निवडा: एच६१६ वर बीएल३१ ४००००००० वर बसतो आणि यू-बूट स्वतःला मेमरीच्या वरच्या टोकाला हलवतो. दोन्ही टोकांवर लिहिलं की चाचणी करणाराच मरतो आणि मेमरी खराब आहे असा गैरसमज होतो. ४२०००००० पासून मधला भाग घ्या. खरी परीक्षा नंतर, लिनक्सवर मेमटेस्टर रात्रभर चालवून, चिप गरम असताना.

सहावी पायरी: बीएल३१, यू-बूट आणि कार्ड

ट्रस्टेड फर्मवेअर आधी बांधा, मग बीएल३१ या पर्यावरण-चलात त्या फाइलचा मार्ग देऊन यू-बूट बांधा. चल विसरलात तर बिनमॅन (इमेजचे तुकडे जोडणारं साधन) बाहेरचा तुकडा मिळाला नसल्याचा इशारा देतो. त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलेली इमेज एसपीएलपर्यंतच चालते. ए६४ वर बीएल३१ एसरॅममध्ये ४४००० वर बसतो, एच६१६ वर डीरॅममध्ये. तुमच्या चिपवर तो डीरॅममध्ये असेल तर तेवढी जागा डिव्हाइस ट्रीमध्ये राखीव दाखवा. नाहीतर लिनक्स ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतो आणि पहिला कोअर बंद करतानाच सगळं कोसळतं.

तयार झालेली एकत्र इमेज डीडी या आज्ञेने कार्डावर लिहा: ब्लॉकचा आकार १ केबी, सीक ८ किंवा १२८. आता सिरियलवरची शेवटची ओळ हेच तुमचं निदान. एसपीएलची पहिली ओळच आली नाही: हेडर, जागा किंवा आरव्हीबार. 'ट्राइंग टु बूट फ्रॉम एमएमसी१' वर थांबला: एमएमसीचे पिन वा क्लॉक. इथला एमएमसी१ म्हणजे चिपचा एमएमसी० हे विसरू नका. एसपीएलची मोजणी एकापासून सुरू होते. तिथून पुढे गेला आणि बीएल३१ ची 'डिटेक्टेड ऑलविनर' ही ओळ आली नाही: डीरॅममध्ये उतरवलेला कोड बिघडला आहे. ती ओळ आली पण यू-बूट आला नाही: यू-बूटचा लिंक-पत्ता, जो या ६४-बिट चिपांवर बहुतेक ४ए०००००० असतो, आणि फिट इमेजमधला (बीएल३१ व यू-बूट बांधलेल्या फाइलीतला) पत्ता जुळतात का ते बघा.

मूळ यू-बूटमध्ये क्लॉक आणि रीसेटचा ड्रायव्हर म्हणजे मुख्यतः एक तक्ता असतो: कोणत्या ऑफसेटवर कोणता बिट. यूएआरटी, एमएमसी, यूएसबी, इथरनेट एवढ्याच नोंदी भरा; लिनक्सचा सगळा तक्ता इथे लागत नाही. यूएसबीसाठी एक सूचना: एच६१६ वर बाकीचे पोर्ट चालायला पीएचवाय२ (पोर्ट २ चा सिग्नल-भाग) चालू असावा लागतो, तुमच्या बोर्डावर पोर्ट २ वापरात नसलं तरी. एक पोर्ट चालतो आणि बाकीचे मुके असतील तर असे अंतर्गत अवलंबित्व शोधा.

सातवी पायरी: मुख्य शाखेत पाठवणं

डिव्हाइस ट्री आधी लिनक्समध्ये स्वीकारला जाऊ द्या. यू-बूट आता लिनक्सच्याच डिव्हाइस ट्रीची प्रत सोर्समध्ये ठेवतो. स्वतःचा वेगळा डिव्हाइस ट्री पाठवलात तर पहिला प्रश्न हाच येईल की लिनक्समध्ये तो का नाही.

पॅचची मालिका अशी लावा: आधी जुन्या कोडची मांडणी बदलणारे पॅच, ज्यांनी कोणत्याही जुन्या बोर्डाचं वागणं बदलत नाही, मग नव्या चिपचे पत्ते आणि केकॉन्फिग, मग क्लॉक, पिना, डीरॅम वेगवेगळे, आणि सर्वांत शेवटी बोर्डाचं डेफकॉन्फिग. प्रत्येक पॅचनंतर सोर्स बांधला गेला पाहिजे, नाहीतर पुढे दोष शोधताना गिट बायसेक्ट निरुपयोगी ठरतं. बिल्डमॅन (अनेक बोर्ड एकदम बांधणारं साधन) वापरून सनएक्सआय कुळातले सगळे बोर्ड बांधून बघा आणि एसपीएलचा आकार आधीच्याशी ताडा. तुमच्या नव्या कोडने ३२ केबीच्या जुन्या चिपांवर दोनशे बाइट वाढले, तर काठावर असलेला एखादा बोर्ड फुटतो, आणि तो बोर्ड तुमच्याकडे नसतो. चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, एसपीडीएक्स परवाना-ओळ घाला, आणि मेंटेनर्स फाइलीत नव्या बोर्डापुढे नाव लिहा. यू-बूटची आवृत्ती दर तीन महिन्यांनी निघते, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. प्रत्येक आवृत्तीनंतर साधारण तीन आठवडे नवा कोड घेतात, मग फक्त दुरुस्त्या. मोठी मालिका त्या तीन आठवड्यांच्या बऱ्याच आधी पाठवा, कारण पहिल्या फेरीतच ती स्वीकारली जाण्याची शक्यता कमी असते. दुसरी फेरी पाठवताना काय बदललं ते प्रत्येक पॅचखाली लिहा, आणि कोणत्या बोर्डावर, कोणत्या चिप-घडणीवर, किती मेमरीवर तपासलं तेही.